वेलीला काठी दिसते का?

घरात मनी प्लांट असेल तर ऐकता ऐकता त्याच्याकडे एकदा बघा. वर चढतोय, की ग्रिलवरून खाली लोंबतोय? लोंबत असेल तर आजचा भाग त्याच्यासाठीच आहे.

कुंडीतल्या वेलीला लाकडाचा साधा आधार कसा करायचा, असं बरेच जण विचारतात. मी पडलो इतिहासवाला, त्यामुळे उत्तर द्यायला तुम्हाला थेट १८६३ सालच्या इंग्लंडमध्ये नेतो.

केंट परगण्यात डाऊन नावाचं गाव. तिथे चार्ल्स डार्विन राहायचा. उत्क्रांतीवरचं त्याचं पुस्तक येऊन चार वर्षं झाली होती, बाहेर वाद पेटलेला, आणि हा माणूस उलट्या आणि पोटाच्या दुखण्यानं हैराण. घराबाहेर पडणं मुश्कील. आपण आजारी पडलो की फोन स्क्रोल करतो. डार्विननं उशाजवळ वेलीची कुंडी ठेवून घेतली.

वेल होती हॉपची. बिअरला कडवटपणा येतो तो हिच्या फुलांमुळे. केंटमध्ये हॉपचे मळे पूर्वीपासून होते. १५७४ साली रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या तिथल्याच गृहस्थानं हॉपच्या लागवडीवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात खांब कसे रोवायचे हेही सांगितलंय. (याच स्कॉटनं दहा वर्षांनी चेटकिणींच्या भीतीविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्याच्यावर वेगळा भाग करावा लागेल.) म्हणजे वेलीला खांब लागतो हे शेतकऱ्याला केव्हाचंच ठाऊक होतं. पण वेल त्या खांबापर्यंत पोचते कशी?

डार्विन दिवसरात्र त्या शेंड्याकडे बघत बसला. शेंडा हवेत गोल फिरत होता! अगदी सावकाश, घड्याळाच्या तासकाट्यासारखा. एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटं. मध्ये काठी आली की शेंडा तिथे अडायचा, पुढचा भाग फिरतच राहायचा, आणि वेढा बसायचा.

त्याला हा नाद लागला तो मात्र दुसऱ्याच एका वेलीमुळे. अमेरिकेतला वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यानं काकडीच्या जातीतल्या एका रानवेलीच्या बिया पाठवल्या होत्या. कारल्याच्या वेलीला स्प्रिंगसारखे हिरवे दोरे असतात ना, त्यांना ताणे म्हणतात. तसेच ताणे या वेलीला होते. डार्विनच्या शेजारचा एक माळी म्हणाला, साहेब, मला वाटतं या ताण्यांना दिसतं. कुंडी कुठेही ठेवा, जवळची काठी ते बरोब्बर शोधतात. डार्विनला हे इतकं आवडलं की त्यानं जोसेफ हूकरला पत्रातून कळवलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात भारी निरीक्षण माळ्याचंच. डोळे नसतात, पण फिरत्या शेंड्याला कशाचा तरी स्पर्श होईपर्यंत चैन नसते.

१८६५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या जर्नलमध्ये डार्विनचा शंभराहून जास्त पानांचा निबंध आला. त्यात त्यानं वेलींचे चार गट पाडले, आणि तुमच्या काठीचं उत्तर तिथेच आहे. आकड्यांनी अडकणाऱ्या वेली घरात कोणी लावत नाही, त्या सोडून देऊ. गोकर्ण, मायाळू या खोडानंच वेढे घेतात. त्यांना बारीक, उभी काठी पाहिजे. जाड खांबाला बऱ्याचशा वेली वेढाच घालू शकत नाहीत, हे डार्विननं नोंदवून ठेवलंय. बांबूच्या तीन कामट्या कुंडीत रोवून वर सुतळीनं एकत्र बांधल्या की काम झालं. कृष्णकमळाचे ताणे बोटानं धरल्यासारखे पकडतात, त्याला नुसती उभी काठी पुरत नाही. दोन उभ्या पट्ट्या घ्या, त्यांना आडव्या कामट्या बारीक चुका ठोकून लावा. झाली शिडी.

आणि मनी प्लांट? तो मुळांनी चढतो. पेराला ज्या तपकिरी गाठी दिसतात ना, ती मुळं. ही वेल मूळची पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाची. तिकडे झाडावर चढते तेव्हा तिची पानं हातभर लांब होतात, कडेनं फाटतात. आपल्याकडे ती बाटलीत किंवा ग्रिलवर लोंबत जन्म काढते, आणि पानं तळहाताएवढीच राहतात. कित्येक जणांनी हिचं मोठं पान कधी बघितलेलंच नसतं! हिला पॉलिश केलेली गुळगुळीत काठी देऊ नका. सुताराकडून मनगटाएवढा जाड दांडा आणा, कुंडीच्या तळापर्यंत घट्ट रोवा, त्याला काथ्याची दोरी गच्च गुंडाळा आणि दोरी ओली ठेवा. मुळं आपोआप आत शिरतात. तोवर वेल सैल बांधून ठेवा.

हे आपल्या पानमळेवाल्यांना डार्विन वाचायची गरज न पडता माहीत होतं. नागवेलसुद्धा मुळांनीच चढते, म्हणून पानमळ्यात शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा अशी जिवंत झाडं आधाराला लावतात. वेल फार उंच गेली की तिची उतरण करतात. म्हणजे वेल सोडवून खाली घ्यायची, खालचा भाग गुंडाळून मातीत पुरायचा आणि शेंडा पुन्हा त्याच झाडावर चढवायचा. तुमचा मनी प्लांट दांड्याच्या टोकाला पोचला की हेच करून बघा.