मिलसिम एअरसॉफ्ट : न्यूझीलंडमधील आयोजन

एअरसॉफ्ट या खेळात हुबेहूब शस्त्रांसारख्या बंदुकांतून ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक गोळ्या झाडल्या जातात. ‘मिलसिम’ हा त्याचा प्रकार म्हणजे लष्करी मोहिमेची सांघिक नक्कल : दोन पक्ष, सेनानायक, तुकड्या, मर्यादित गोळ्या आणि दीर्घकाळ चालणारे डावपेच.

न्यूझीलंडच्या १९८३ च्या शस्त्र कायद्यान्वये या बंदुका एअरगनमध्ये मोडतात. १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना त्या बाळगण्यास सामान्यतः परवाना लागत नाही. तथापि १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचा बळी गेला, त्या देशात बंदुकीचे नुसते दर्शनही घबराट माजवू शकते. म्हणून आयोजकाने जमीनमालकाची लेखी संमती घ्यावी, पोलीस व शेजाऱ्यांना पूर्वसूचना द्यावी आणि मैदानाबाहेर बंदुका झाकूनच नेण्याचा नियम करावा.

प्रवेशापूर्वी प्रत्येक बंदूक वेगमापकावर तपासावी. केवळ वेग पाहणे पुरेसे नाही : सेकंदाला १०० मीटर वेगाने जाणाऱ्या ०.२ ग्रॅमच्या गोळीत १ जूल ऊर्जा असते, तर त्याच वेगाच्या ०.४ ग्रॅमच्या गोळीत २ जूल. त्यामुळे खेळात वापरायच्या वजनाच्या गोळीनेच चाचणी घ्यावी. संरक्षक चष्मे मैदानावर क्षणभरही उतरवू नयेत.

पेंटबॉलप्रमाणे येथे अंगावर रंग उमटत नाही. गोळी लागल्याचे खेळाडूनेच प्रामाणिकपणे जाहीर करायचे असते. जखमी होण्याचा अभिनय हाही खेळाचाच भाग असल्याने खऱ्या इजेसाठी स्वतंत्र संकेतशब्द ठरवावा. तो ऐकताच खेळ थांबावा. १११ क्रमांकावर सांगता येईल असा प्रवेशद्वाराचा नेमका पत्ता प्रत्येक तुकडीप्रमुखाजवळ असावा.