रिकामे चौकोन आणि नवा फोन

जुना स्मार्टफोन टाकून नवा घ्यावा का, या प्रश्नाची चर्चा बहुधा कॅमेरा, वेग आणि किंमत यांच्याभोवती फिरते. मराठी वाचकापुरता मात्र या प्रश्नाला आणखी एक इतिहास आहे, आणि तो अक्षरांचा आहे.

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. तरीही २००८ पासून बाजारात आलेल्या अँड्रॉइड फोनांच्या पहिल्या पिढीवर मराठी मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. लिपीला संकेतांक मिळणे वेगळे आणि ती पडद्यावर उमटणे वेगळे. त्यासाठी फोनमध्ये देवनागरीचा टंक हवा. शिवाय जोडाक्षरे बांधणारी, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवणारी यंत्रणा हवी. नुसता टंक आला आणि यंत्रणा आली नाही, तर ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते. (हे वाचणे चौकोनांहूनही क्लेशदायक, असे माझे मत.) संगणकात टंक आपला आपण घालता येई, फोनमध्ये सामान्य वापरकर्त्याला ती सोय नव्हती. उत्पादकाने नवी प्रणाली पाठवली तर ठीक, नाही तर नवा फोन.

‘ॲ’ची कथा अधिक बोलकी आहे. ‘अ’वर अर्धचंद्र असलेले हे अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. तोवर ‘ए’वर चंद्र दिल्यासारख्या दिसणाऱ्या ‘ऍ’वर भागवावे लागे, मराठी डोळ्याला ते परकेच. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने प्रमाण वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ दाखल झाले. शासनमान्यता झाली, संकेतांकही होता. पण ज्याच्या फोनमधला टंक त्याआधीचा, त्याला ‘ॲप’ हा शब्द एक चौकोन आणि पुढे ‘प’ असाच दिसत राहिला. रुपयाच्या चिन्हाचेही तेच. जुलै २०१० मध्ये ते स्वीकारले गेले, ऑक्टोबरमध्ये युनिकोडमध्ये आले, आणि जुन्या फोनांवर किमतीपुढे चौकोन उभा राहिला.

तेव्हा फोन बदलणे ही चैन होती, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तो वाचनाचाच खर्च होता.

आज असे कारण उरलेले नाही. साधा फोनही मराठी नीट दाखवतो. आता फोन म्हातारा होतो तो बॅटरीमुळे आणि सुरक्षेच्या सुधारणा बंद झाल्यामुळे. पैकी बॅटरी बदलता येते. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने थकलेल्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग आपण कमी करत असल्याचे मान्य केले, तेव्हा नवी बॅटरी घातली की वेग परत येतो हेही सर्वांना कळले. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यावरही ७ वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले आहे. सुधारणांचे तसे नाही. त्या उत्पादकाच्याच हाती. २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला ७ वर्षांचे आश्वासन मिळाले, पण स्वस्त फोनांना बहुधा एवढे आयुष्य मिळत नाही. दुकानात मी हल्ली प्रथम हीच मुदत विचारतो. विक्रेता मला कॅमेरा दाखवतो.