ब्राउजरमधील पीडीएफ-दर्शक : सातबाऱ्याच्या निमित्ताने

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार हंगामात पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतो. त्याची जमीन मात्र आष्टी, पाटोदा वा शिरूर कासारला असते. पीककर्ज किंवा विम्याच्या कामासाठी सातबारा हवा असल्यास तो मोबाइलवरच पाहणे त्याला सोयीचे. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला, तो पीडीएफ स्वरूपात. साहजिकच एखाद्या पतसंस्थेच्या अथवा सेवा केंद्राच्या जावास्क्रिप्ट-आधारित संकेतस्थळात हा उतारा तेथल्या तेथे कसा दाखवावा, हा प्रश्न संगणक-तज्ज्ञांपुरता उरत नाही.

पीडीएफ हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले आणि २००८ मध्ये त्यास आयएसओ ३२००० या आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कागदावर कोणती खूण नेमकी कोठे उमटवायची, याचे ते वर्णन असते. वेबपानाची भाषा निराळी असल्याने ब्राउजरला हे वर्णन वाचून चित्रित करणारा दुभाषी लागतो. पूर्वी त्यासाठी वेगळे प्लग-इन बसवावे लागे. २०११ मध्ये मोझिलातील अँड्रियास गॅल आणि ख्रिस जोन्स यांनी संपूर्णपणे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला ‘पीडीएफ डॉट जेएस’ हा प्रकल्प सुरू केला. फेब्रुवारी २०१३ मधील फायरफॉक्स १९ पासून तो त्या ब्राउजरचा भागच झाला. त्याचा परवाना मुक्त असल्याने तो कोणालाही आपल्या संकेतस्थळात वापरता येतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पानात एक चौकट ठेवून तीत फाइलचा पत्ता देणे. डेस्कटॉपवर हे चालते. अँड्रॉइड फोनवर मात्र चौकटीत उतारा दिसण्याऐवजी बहुधा तो उतरवून घेण्याचा पर्याय येतो, म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप तोच वंचित राहतो. यासाठी पीडीएफ डॉट जेएस स्वतंत्रपणे जोडणे श्रेयस्कर. त्याचे दोन भाग असतात : एक पान चितारतो, तर दुसरा, ‘वर्कर’, पार्श्वभूमीवर फाइल उलगडतो, जेणेकरून पडदा अडकून राहत नाही. दोन्हींची आवृत्ती एकच असावी लागते. नवशिक्यांची पहिली अडचण बहुधा येथेच उद्भवते. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर असल्यास त्या सर्व्हरची परवानगीही लागते. फाइल मोठी असल्यास ती तुकड्यांनी मागवावी आणि दिसणारी पानेच चितारावीत. आंबेजोगाईच्या दासोपंतांची लांबच लांब पासोडीही कोणी एका नजरेत वाचत नाही!

खरी कसोटी देवनागरीची आहे. पीडीएफमध्ये अक्षरांऐवजी बहुधा त्यांच्या आकृत्यांचे क्रमांक साठवलेले असतात, तेही कागदावर दिसतात त्या क्रमाने. ‘शिरूर’ या शब्दात वेलांटी ‘श’च्या आधी काढली जाते; ‘आष्टी’तील ‘ष्ट’ ही एकच आकृती असू शकते. आकृतीवरून युनिकोडकडे नेणारा तक्ता फाइलमध्ये सदोष असेल, तर पडद्यावर मजकूर निर्दोष दिसतो, पण शोध घेतल्यास गावाचे नाव सापडत नाही आणि नक्कल केल्यास वेलांटी भलतीकडे जाते. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधील कागदपत्रांत तर मराठी आकृतीखाली रोमन अक्षरेच दडलेली असतात. हा दोष दर्शकाचा नव्हे, फाइल तयार करणाऱ्याचा. पण वापरणारा बोल लावतो तो दर्शकालाच. त्यामुळे गाव, तालुका आणि गट क्रमांक ही माहिती युनिकोडमध्ये वेगळी नोंदवून शोध तीवरच चालवावा, हे उत्तम.

डिजिटल स्वाक्षरीबाबत अधिक सावधगिरी हवी. उताऱ्यावर दिसणारी खूण हे केवळ चित्र आहे. तशी खूण बनावट फाइलवरही काढता येईल. पान चितारणे आणि प्रमाणपत्र तपासणे ही दोन भिन्न कामे होत. दर्शकाने पान नीट दाखवले म्हणजे स्वाक्षरी खरी ठरली, असा समज संस्थेने करून घेऊ नये. तपासणी सर्व्हरवर स्वतंत्रपणे करावी, अथवा उताऱ्यावरील पडताळणी क्रमांक महसूल विभागाच्या संकेतस्थळावर पाहावा. कर्जाचा निर्णय ज्या कागदावर अवलंबून आहे, तेथे एवढा वेळ देणे भाग आहे.

आणखी एक गोष्ट. मे २०२४ मध्ये पीडीएफ डॉट जेएसच्या फाँट हाताळणीत एक गंभीर त्रुटी उघड झाली. मुद्दाम रचलेली फाइल उघडताच तीतील जावास्क्रिप्ट पाहणाऱ्याच्या ब्राउजरमध्ये चालू शकत असे. ४.२.६७ या आवृत्तीत ती दूर करण्यात आली. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना दुरुस्ती नव्या आवृत्तीबरोबर मिळाली. परंतु ज्या संकेतस्थळांनी दर्शकाची स्वतःची प्रत ठेवली आहे, त्यांना ती स्वतःच बदलावी लागते. बाहेरून आलेली कागदपत्रे स्वीकारणाऱ्या संस्थेने आपल्याकडील प्रतीची आवृत्ती आधी पाहून घ्यावी.