पक्षाघातातील गुठळी-निष्कासन व पथकाचा अनुभव

मेंदूच्या मोठ्या रोहिणीत अडकलेली गुठळी जांघेतून किंवा मनगटातून नळी नेऊन जाळीदार स्टेंटने अथवा शोषणाने बाहेर काढण्याच्या प्रक्रियेला यांत्रिक थ्रॉम्बेक्टमी म्हणतात. 2015 मधील पाच चाचण्यांनी ती प्रस्थापित झाली. 2018 मध्ये डॉन चाचणीने निवडक रुग्णांसाठी उपचाराची मुदत, रुग्ण शेवटचा धडधाकट दिसल्यापासून, 24 तासांपर्यंत वाढवली. या मुदतीवर विसंबू नये, कारण मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात.

अनुभव म्हणजे केवळ नळी चालवणारा हात नव्हे. बराचसा वेळ नळी आत जाण्यापूर्वीच खर्च होतो. सीटी, भूल, कॅथलॅबची मांडणी ही कामे सरावलेले पथक एकाच वेळी उरकते. पहिल्याच प्रयत्नात रोहिणी मोकळी झाल्यास रुग्ण अधिक चांगला सावरतो. प्रत्येक वाढीव प्रयत्नात रक्तवाहिनीला इजा होण्याचा व गुठळीचे तुकडे पुढे सरकण्याचा धोका असतो. म्हणून वार्षिक रुग्णसंख्या हा केंद्राचा एक निकष मानतात, पण सरावलेले केंद्र दूर असेल तर प्रवासातच फायदा आटतो.

अबू धाबीच्या मुसफ्फा या औद्योगिक भागातील कामगारांना शहरातील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये (सुरुवात 2015) हा उपचार मिळू शकतो. मुदत ठरवण्यासाठी पथकाचा महत्त्वाचा प्रश्न खोलीतल्या सोबत्यालाच असतो: हा शेवटचा धडधाकट कधी दिसला? तिथे रुग्णवाहिकेचा क्रमांक 998 आहे.