पंधरा सेंटांचे तिकीट



कर हा शब्द कानावर पडला की माणसाच्या कपाळाला आठी पडते. घरपट्टी असो, पाणीपट्टी असो, नाहीतर पूर्वीची नाक्यावरची जकात असो. खुशीने कर भरणारा माणूस शोधून सापडायचा नाही. मग लोकांनी स्वतः मत टाकून आपल्यावर नवा कर बसवून घेतला, असं कोणी सांगितलं तर? पण तसं घडलं आहे खरं. १९७१ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरी ते घडलं. कर होता विक्रीवरचा, आणि तो बसवला बसगाड्या व रेल्वे यांच्यासाठी.

अटलांटा हे मुळात आगगाडीचं गाव. १८३७ साली रेल्वेमार्गाचे शेवटचे टोक म्हणून जिथे खूण रोवली, तिच्याभोवती हे शहर वाढले. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्मही इथलाच. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी मोटारी आल्या. पैसेवाली गोरी कुटुंबे शहर सोडून भोवतालच्या कौंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांत, राहायला गेली. बस उरली ती ज्यांच्यापाशी मोटार नाही त्यांना, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा. याच बसमध्ये एके काळी गोऱ्यांनी पुढे आणि काळ्यांनी मागे बसायचे असा दंडक होता. १९५७ साली काही कृष्णवर्णीय धर्मोपदेशक मुद्दाम पुढच्या बाकांवर जाऊन बसले. त्यांना अटक झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९५९ साली तो दंडक बेकायदा ठरला. एवढं ध्यानात ठेवल्याशिवाय पुढची हकीकत उमजायची नाही.

१९६५ साली शहर व भोवतालच्या पाच कौंट्या यांच्यासाठी एक वाहतूक मंडळ काढायचे ठरले. त्याचे नाव ‘मार्टा’. त्यावर मतदान झाले तेव्हा कॉब कौंटीने पहिल्याच फटक्यात नकार दिला. उरल्या चार : फुल्टन, डिकाल्ब, क्लेटन आणि ग्विनेट. मंडळ तर झालं, पण पैसा कुठून आणायचा? १९६८ साली घरजमिनीवरच्या कराच्या आधारे कर्ज काढण्याची योजना मतदारांपुढे ठेवली, ती त्यांनी फेटाळून लावली. कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचे म्हणणे सरळ होते : आम्हाला न विचारता तुम्ही मार्ग आखले; त्यात आमच्या वस्त्यांच्या वाट्याला काय आले?

पुढे सॅम मॅसेल हे महापौर झाले. घरजमिनीवरच्या कराला लोक तयार नाहीत हे पाहून त्यांनी विक्रीकराचा मार्ग धरला : डॉलरमागे एक सेंट. पण विक्रीकरात एक मेख असते बरं का! लक्षाधीश आणि मोलकरीण दोघेही पाव विकत घेतात, दोघांना कर सारखाच बसतो. पण लक्षाधीशाला तो जाणवतही नाही आणि मोलकरणीच्या पदराची गाठ सुटते. त्या काळी जॉर्जियात खाण्याच्या जिनसांवरही विक्रीकर होता. मग गरिबाने या कराला हो का म्हणावे?

इथे सौदा झाला. कर मंजूर करा, बसचे भाडे ४० सेंटांवरून १५ सेंटांवर आणतो आणि सात वर्षे ते वाढवीत नाही, असे वचन देण्यात आले. शिक्षक मित्रांनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. कामाला जाऊन परत यायचे तर आधी ८० सेंट लागत, आता ३० लागणार. दिवसाला ५० सेंटांची बचत. एक टक्का दराने ५० सेंट कर भरायचा तर दिवसाला ५० डॉलरची खरेदी करावी लागेल. रोज बसने जाणारी मोलकरीण एवढी खरेदी कशाला करते? तेव्हा कर भरूनही तिच्याच पदरात चार पैसे उरणार होते.

राज्याच्या विधिमंडळाची संमती मिळवतानाही ओढाताण झाली. सीनेटचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या लेस्टर मॅडॉक्स यांनी अट घातली की कराच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त पैसा रोजच्या खर्चाला वापरायचा नाही. ही बेडी पुढे २०१५ सालापर्यंत मंडळाच्या पायात राहिली.

प्रचारात मॅसेल यांनी मोठी हिकमत केली. गर्दीच्या वेळी मोटारींनी तुंबलेल्या हमरस्त्यावरून ते हेलिकॉप्टरने फिरले आणि कर्ण्यातून खालच्या लोकांना ओरडून सांगितले, यातून सुटायचे असेल तर होकाराचे मत द्या!

९ नोव्हेंबर १९७१ रोजी मतदान झाले. फुल्टनमध्ये अगदी थोडक्या मतांनी कर मंजूर झाला, डिकाल्बनेही होकार दिला. क्लेटन आणि ग्विनेट यांनी मात्र मोठ्या बहुमताने तो धुडकावला. कराची नावड हे त्याचे एक कारण. दुसरे कारण फारसे कोणी उघड बोलत नसे : बसबरोबर शहरातले कृष्णवर्णीय आपल्या दारी येतील ही भीती.

दिलेला शब्द मात्र पाळला गेला. १९७२ च्या मार्चपासून १५ सेंटांचे तिकीट सुरू झाले, उतारू वाढले. ३० जून १९७९ रोजी पहिली रेल्वेगाडी धावली. ज्या कौंट्यांनी नकार दिला, त्यांच्या वस्त्यांपर्यंत रूळ गेले नाहीत.

याची किंमत क्लेटनला कळली, पण फार उशिरा. तिथली स्वतःची बससेवा पैशाअभावी ३१ मार्च २०१० रोजी बंद पडली. मोटार नसलेल्या लोकांचे काम, दवाखाना, शाळा सगळेच अडले. शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या मतदारांनी तोच एक सेंटाचा कर मंजूर केला. चौघांतल्या जवळजवळ तिघांनी होकार दिला, आणि मार्च २०१५ मध्ये मार्टाची बस तिथे पोहोचली. मधे त्रेचाळीस वर्षे गेली होती. ग्विनेटने मात्र २०१९, २०२० आणि २०२४ साली मतदान होऊनही वाहतुकीच्या कराला नकारच दिला.

आपल्याकडे विक्रीकर विधिमंडळ ठरवीत असे. २०१७ पासून बहुतेक वस्तूंवर त्याची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. त्यावर आपण असे थेट मत देत नाही. पण घरपट्टी, पाणीपट्टीचा विषय ग्रामसभेत निघतोच. तेव्हा नुसते ‘नको’ म्हणून उठून जाण्याआधी दोन प्रश्न विचारून बघा : हा पैसा कोणाच्या खिशातून जास्त जाणार? आणि त्याच्या बदल्यात कोणाच्या दारी, काय, आणि किती दिवसांत येणार? अटलांटाच्या बसमधल्या माणसांनी १९६८ साली हेच विचारले, उत्तर मिळाले नाही म्हणून नकार दिला. १९७१ साली उत्तर मिळाले, तेव्हा होकार दिला.