विदा प्रकार

विदा प्रकार किंवा डेटा टाइप ही संगणकशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना आहे. एखादे मूल्य संगणकाच्या स्मृतीत कसे साठवले जाईल आणि त्यावर कोणत्या क्रिया करता येतील, हे त्याच्या विदा प्रकारावरून ठरते. आज्ञावलीत मूल्याला दिलेल्या नावास चल म्हणतात.

मूलभूत प्रकार

बुलढाणा जिल्ह्याची माहिती साठवायची झाल्यास पुढील प्रकार उपयोगी पडतात.

• पूर्णांक (इंटिजर): तालुक्यांची संख्या १३, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८. आज्ञावलीत ही संख्या स्वल्पविरामांशिवाय लिहितात.
• दशांश संख्या (फ्लोट): लोणार विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर.
• अक्षरमाला (स्ट्रिंग): "बुलढाणा", "खामगाव". ही मूल्ये अवतरणचिन्हांत लिहितात.
• बुलियन: सत्य किंवा असत्य ही दोनच मूल्ये. हे नाव गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्यावरून पडले.

वाक्यरचना

पायथॉन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीतही देता येतात. संख्या मात्र प्रत्यक्षात इंग्रजी अंकांत लिहाव्या लागतात. येथे त्या मराठी अंकांत दिल्या आहेत.

तालुके = १३
व्यास = १.८
मुख्यालय = "बुलढाणा"

येथे बरोबरीचे चिन्ह समानता दर्शवत नाही. उजवीकडील मूल्य डावीकडील चलास दिले जाते. पायथॉन मूल्यावरून प्रकार ओळखते. सी भाषेत चलाचा प्रकार आधी घोषित करावा लागतो व विधानाच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो.

प्रकाराची निवड

अंकांत लिहिलेले प्रत्येक मूल्य संख्या नसते. बुलढाण्याचा दूरध्वनी संकेतांक ०७२६२ हा पूर्णांक म्हणून लिहिल्यास पायथॉन ३ त्रुटी दाखवते. सी भाषेत आरंभीच्या शून्यामुळे तो अष्टमान पद्धतीतील अंक समजला जातो व त्याचे मूल्य ३७६२ होते. त्रुटी दिसत नाही, पण संकेतांक बदलतो.

सातबारा उताऱ्याचे नाव गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांवरून आले आहे. ते अवतरणचिन्हांशिवाय ७/१२ असे लिहिल्यास संगणक भागाकार करतो. पायथॉन ३ मध्ये उत्तर सुमारे ०.५८३३, तर सी भाषेत दोन्ही पूर्णांक असल्यामुळे ० येते.

ज्या मूल्यांची बेरीज किंवा सरासरी अर्थपूर्ण ठरते, ती संख्या म्हणून साठवावीत. पिनकोड, दूरध्वनी क्रमांक यांसारखी केवळ ओळख पटवणारी मूल्ये अक्षरमाला म्हणून साठवणे योग्य ठरते.