अनार्काची संमति : एका आत्मचरित्राची साक्ष

बखर व अस्सल कागद यांतील तारतम्य आमच्या वाचकांस सांगावयास नको. जुनी गोष्ट स्मरणानें लिहिणाऱ्या बखरकारास आपण जितकें पारखून घेतों, तितकेंच परदेशीय आत्मचरित्रकारासहि घ्यावें, एवढ्याकरितां हें टिपण.

अमेरिकेंतील प्रख्यात शस्त्रवैद्य जेम्स मॅरियन सिम्स यानें अलाबामा संस्थानांतील माँटगोमेरी येथें १८४५ ते १८४९ या काळांत प्रसूतीच्या एका दुखापतीवर उपाय शोधला. मूल अडून दिवसचे दिवस वेणा चालल्या म्हणजे मूत्राशय व योनिमार्ग यांमधील पडद्यास छिद्र पडतें आणि लघवी अखंड झिरपत राहते. अनार्का, बेट्सी व ल्यूसी या कृष्णवर्णीय दासींवर त्यानें प्रयोग केले. इतर कित्येकींचीं नांवेंहि त्यानें दिलेलीं नाहींत. अनार्का सतरा वर्षांची, तीन दिवस अडलेली. तिच्यावर सुमारें तीस वेळां शस्त्र चाललें, तेंहि गुंगीच्या औषधावांचून. आरंभीं ईथरचा उपयोग वैद्यांस ठाऊक नव्हता हें खरें. परंतु १८४६ च्या ऑक्टोबरांत बोस्टन येथें त्याचा जाहीर प्रयोग झाल्यावरहि या स्त्रियांस तें मिळालें नाहीं. अखेर १८४९ सालीं चांदीच्या तारेनें टांके घातले, तेव्हां यश आलें.

सिम्सचें आत्मचरित्र १८८४ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें. त्यांत तो म्हणतो कीं, त्या स्त्रियाच शस्त्रक्रियेसाठीं उतावीळ होत्या. परंतु त्याच ग्रंथांत मालकांपुढें मांडलेला ठराव आहे : जिवास धोका होईलसें कांहीं करणार नाहीं, पोसण्याचा खर्च घेणार नाहीं; मालकांनीं दासींवरील कर भरावा व कपडे पुरवावे. ठरावास पक्ष दोनच, वैद्य व मालक. अनार्का त्यांत आहे ती वस्तु म्हणून. आमच्या मतें हीच साक्ष ग्राह्य; स्वतःचें औदार्य दाखविण्याच्या भरांत ती लेखकाच्या हातून निसटली आहे. त्या रोगाचे हाल पाहतां बरें होण्याची इच्छा त्यांस नसेल असें नाहीं. पण नकार देण्याची मुभा नसतां होकाराची किंमत काय धरावी? तिघींपैकीं एकीचीहि स्वतःची जबानी उरलेली नाहीं.

दासीचें गर्भाशय ही मालकाची मिळकतच होती. अपत्य आईच्या दर्जाचें, असा कायदा व्हर्जिनियानें १६६२ सालींच केला होता; १८०८ सालीं बाहेरून गुलाम आणण्यास बंदी झाल्यावर तर दासींचीं मुलें हाच नव्या गुलामांचा मुख्य पुरवठा राहिला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांतील बीज-क्षेत्र-वादांतहि गाय, घोडी व उंटीण यांच्या पंक्तीस दासी बसविली आहे. तेव्हां परक्यांस नांवें ठेवतांना आपणहि जरा जपून बोलावें.

न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कांतील सिम्सचा पुतळा २०१८ च्या एप्रिलांत हालविला गेला. २०२१ सालीं माँटगोमेरी येथें त्या तिघींचें स्मारक उभें राहिलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत एक लक्ष जिवंत जन्मांमागें मातृमृत्यु कृष्णवर्णीयांत ६९·९ व श्वेतवर्णीयांत २६·६ होते. गर्भारपणीं काय अनुभवलें हें प्रसूत स्त्रियांसच विचारणारी पाहणी तेथील सरकारी आरोग्यखात्यानें १९८७ सालीं सुरू केली. अनार्कावरील पहिल्या शस्त्रक्रियेस तेव्हां सुमारें एकशें चाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं.